तेराशे सोळा गवे

"तेराशे सोळा!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की हिंदुराव काकांच्या बशीतला चहा त्यांच्या लेंग्यावर सांडला.

"काय तेराशे सोळा?"

"गवे, काका! आपल्या तालुक्यातले. अकरा गावांचे मिळून. दोनदा बेरीज केली मी."

काकांनी आधी लेंगा झटकला, मग चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "एवढी माणसं तर आपल्या अण्णांच्या सभेला येत न्हाईत की गं."

हे कुठलं, तर आमच्या आमदारांच्या ऑफिसातलं. मार्केट यार्डाच्या मागं, वरच्या मजल्यावर, दोन खोल्या. मी बावीस वर्षांची, अर्थशास्त्रात एम. ए. नुकतंच झालेलं, आणि नोकरीचा बारावा दिवस. अण्णा, म्हणजे आमदार जोतिराम भोपळे, पहिल्यांदाच निवडून आलेले आणि तेसुद्धा विरोधी बाकावर. हिंदुराव काका त्यांचे स्वीय सहायक. त्याआधी त्यांनी दोन आमदारांकडं हेच काम केलेलं, त्यामुळं आमदार बदलतात पण हिंदुराव बदलत नाहीत असं अख्खा तालुका म्हणायचा. आणि मी कोण? तर एक महिन्याच्या बोलीवर ठेवलेली मुलगी. आईनं मात्र गल्लीत पेढे वाटूनसुद्धा टाकले होते. "आमदारांच्या ऑफिसात आकडेमोड बघते आमची समिधा," असं ती दूधवाल्यालासुद्धा सांगायची.

आता गव्यांचं काय, तर आमच्याकडं जंगलाच्या कडेची गावं आहेत ना, तिथं गवे शेतात उतरतात. ऊस, शाळू, हरभरा, जे असेल ते. खातात थोडं, तुडवतात जास्त. मग वनखात्याचा माणूस येऊन पंचनामा करतो, आणि तीन-चार महिन्यांनी भरपाई येते. अण्णांनी निवडणुकीत अकरा गावांत शब्द दिला होता की पहिल्याच वर्षात गव्यांचा कायदा आणतो. आणि खरंच काढलं त्यांनी, अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्र्यानं नाही तर साध्या आमदारानं मांडायचं ते! शेतात वारंवार घुसणाऱ्या गव्याची पारध करायला शेतकऱ्याला परवाना द्यायचा. परवान्याची फी दहा हजार. वर्षाला दहातला एकच गवा, त्याच्या वर नाही. आणि ज्या गावात परवाने सुरू होतील, त्या गावाची भरपाई बंद.

"पण केंद्राचा कायदा आडवा येतो ना, अण्णा?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. लई हुशार ना मी.

"येतो. पास होणार न्हाई हे मलाबी कळतंय," अण्णा शांतपणे म्हणाले होते. अण्णा कायम शांत. "पण सभागृहात मांडलं तर जाईल. आमच्या गावांचं नाव तिथं एकदा वाचलं तर जाईल. त्यासाठी मला एक पान पाहिजे, आणि ते पान तू करायचंस."

ते पान म्हणजे वित्तीय ज्ञापन. कुठल्याही विधेयकाच्या शेवटी हे पान लागतं. ह्या कायद्यानं सरकारच्या तिजोरीतून किती जाणार आणि तिजोरीत किती येणार, हे त्यात लिहायचं. खर्च दिसला की राज्यपालांची शिफारस आणा, हे आणा, ते आणा, आणि विरोधी बाकावरच्या नव्या आमदाराचं विधेयक तिथंच धूळ खात पडणार. पण तिजोरीत भर पडतेय असं दिसलं तर निदान मांडायला तरी मिळतं.

"समिधा, पानावर जमा दिसली पायजे," अण्णा म्हणाले होते. "एवढं जमव, तुझी नेमणूक पक्की."

आणि जमलं की मला! वनखात्याकडून मी वर्षभराचे सगळे पंचनामे मागवले. दोनशे चौदा. प्रत्येकावर एक रकाना असतो, शेतात दिसलेल्या जनावरांची संख्या. कुठं चार, कुठं सहा, कुठं नऊ. सगळं मिळून तेराशे सोळा. दहातला एक, म्हणजे एकशे एकतीस परवाने. त्याचे तेरा लाख दहा हजार. त्या वर्षी दिलेली भरपाई एकेचाळीस लाख, ती वाचली. म्हणजे तिजोरीला वर्षाला चोपन्न लाख दहा हजारांचा फायदा! मी ते पान टाइप केलं, आणि शेवटची ओळ ठळक केली: 'सदर विधेयकामुळे राज्याच्या एकत्रित निधीवर कोणताही भार पडणार नाही.' काय भारी वाटलं होतं मला! उभ्या आयुष्यात एक गवा मी पाहिला नव्हता, हं. तालुक्याच्या गावात वाढलेली पोर मी. गवा म्हणजे मला एस. टी. स्टँडच्या भिंतीवर रंगवलेला तेवढा माहीत.

सोमवारी त्या पानाची आगाऊ प्रत वनखात्याच्या वरच्या ऑफिसात गेली. मंगळवारी इथल्या पेपरात चौकट आली, 'गव्यांमुळे तिजोरीला चोपन्न लाख'. अण्णांनी पेपर माझ्यापुढं टाकला आणि "पोरगीनं नाव काढलं" म्हणाले. शुक्रवारी मूळ कागद मुंबईला द्यायचे होते. म्हणजे फक्त चार दिवस! मी तर मनातल्या मनात पहिल्या पक्क्या पगाराची साडीसुद्धा घेऊन टाकली होती आईला.

बुधवारी काका म्हणाले, "पोरी, पानाला एक तक्ता जोड. गाव, तारीख, पीक, जनावरं, शेरा. मुंबईवाल्यांना जाड कागद लागतो. पातळ कागद ते वाचत न्हाईत."

"जाड वाचतात?"

"न्हाई. पण जाड असला की आदर करतात."

म्हणून मी शेऱ्याचा रकाना टाइप करायला बसले. आधी मी फक्त आकड्यांचा रकाना बघितला होता ना, शेरा वाचलाच नव्हता. पंचनामे सगळे एकाच हातचे. गोल, सावकाश अक्षर, खाली सही 'इं. डवरी, वनरक्षक'. म्हाळुंगवाडी, चौदा जानेवारी: 'सहा जनावरे, पैकी एक मोठा नर, डाव्या शिंगाचे टोक मोडलेले.' टाइप केलं. हेळेवाडी, पंधरा जानेवारी: 'सहा जनावरे, पैकी एक मोठा नर, डाव्या शिंगाचे टोक मोडलेले.' टाइप केलं. तळीचीवाडी, सतरा जानेवारी. सहा जनावरे. एक मोठा नर.

माझी बोटं थांबली.

म्हटलं, असतील दोन-तीन गवे शिंग मोडलेले, भांडत असतील. मी पुढचे कागद काढले. 'मादी, उजव्या कानाला चीर, सोबत वासरू.' चार गावांत. 'लंगडणारा तरुण नर.' सहा गावांत. मी सगळा गठ्ठा जमिनीवर मांडला, तारखेप्रमाणं ओळीनं लावला, आणि तिथंच फरशीवर मांडी घालून बसले. तेच सहा गवे आज ह्या गावात, उद्या शेजारच्या गावात, परवा त्याच्या शेजारच्या. आणि प्रत्येक वेळी नवा कागद. आणि प्रत्येक कागद मी बेरजेत घेतलेला.

"काय गं, रांगोळी घालायलीस काय?" काकांनी दारातनं विचारलं.

"काका, हेच गवे परत परत मोजलेत."

"कुणी?"

मी फरशीवरचे कागद गोळा करायला लागले.

गुरुवारी सकाळी मी स्कूटी काढली आणि सरळ म्हाळुंगवाडीच्या वन-चौकीवर गेले. डवरीबाई बाहेर पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होत्या. चाळिशीच्या, सडपातळ, खाकी कपडे धुऊन धुऊन मऊ झालेले. गावातले सगळे त्यांना गार्डबाई म्हणत. दोन गार्डांचं काम त्या एकट्या करायच्या, कारण दुसऱ्याची बदली होऊन दीड वर्ष झालं होतं आणि नवा कुणी आला नव्हता. मी ओळख सांगितली तशी त्या उठून उभ्या राहिल्या आणि मला "या मॅडम" म्हणाल्या. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं होतं, आणि तेसुद्धा माझ्या मावशीच्या वयाच्या बाईनं!

मी एका दमात सगळं विचारून टाकलं. त्या ऐकत होत्या, मधेच त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो मला ऐकू येईल असा लावला.

"बाई, गुंडू कुरणे बोलतोय. आमच्यातनं निघाली बघा आत्ता. तळ्याच्या अंगाला वळाल्यात. हेळेवाडीच्या मारुतीला फोन केलाय मी."

"किती हायत, तात्या?"

"मोडक्या हाय, लंगडा हाय, आणि बायकापोरं."

"बरं. कुत्री सोडू नका मागनं." त्यांनी फोन खिशात टाकला. "आमच्यात अशी रीत हाय, मॅडम. ज्या गावातनं कळप निघतो, त्या गावातल्या शेवटच्या घरानं पुढच्या गावाला सांगायचं. पूर्वी पत्र्याचा डबा बडवायचे, आता फोन करतात. म्हंजे पुढची माणसं जागी होतात, पोरं रानातनं मागं येतात. माणूस दगावत न्हाई मग."

"म्हणजे एकच कळप आहे?"

"एकच. कधी एकत्र असतो, कधी सहा-सात जणांचे घोळके होतात."

"एकूण किती?"

"अडतीस." त्यांनी क्षणभरसुद्धा विचार केला नाही.

"तुम्ही सगळे ओळखता?"

"तुम्ही तुमच्या गल्लीतली माणसं वळखत न्हाई काय?"

मी त्याच पायरीवर बसले. त्यांनी आतनं पाणी आणून दिलं. मी म्हटलं, "बाई, मग तुम्ही हे वर सांगितलं का नाही कधी?"

"कुणी विचारलंय? कागद मागितले, कागद दिले. एका दिवशी एका शेतात सहा होते, सहा लिवले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शेतात तेच सहा होते, तेच लिवले. शिंग लिवलं, कान लिवला. आणखी काय लिवायचं?" मग त्यांनी माझ्या हातातलं ज्ञापन घेऊन सावकाश वाचलं. ओठ हलवत. आणि पहिल्यांदाच हसल्या. "एकशे एकतीस परवाने? अडतीस तर हायत. वरचे त्र्याण्णव कुठनं आणायचे?"

मलाही हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. कारण आता हिशेब उलटा झाला होता. अडतीसाचा दहावा हिस्सा म्हणजे तीन परवाने. तीस हजार रुपये! बाकीचे पस्तीस गवे चरणारच, म्हणजे भरपाई बंद करता येणार नाही. वर परवाने तपासायला माणसं, गाडी, जनावरांचा डॉक्टर, असे नऊ लाख तरी पाहिजेत. तिजोरीवर भार. म्हणजे विधेयक गेलं. म्हणजे माझी नेमणूक गेली.

"मी अण्णांना सांगते," मी म्हटलं. असं म्हणताना मला स्वतःचाच जरा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

"सांगा," गार्डबाई म्हणाल्या. "फक्त एक हाय, मॅडम. अडतीस आकडा वर गेला की पहिला सवाल मलाच येणार. अडतीस गव्यांनी एकेचाळीस लाखांचं पीक कसं खाल्लं म्हणून. येऊ दे. माझं सगळं कागदावर हाय. तुम्ही फक्त काय झालं ते जसंच्या तसं लिवा."

"अगदी जसंच्या तसं," मी म्हटलं.

दुपारी मी अण्णांच्या समोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. नवा हिशेब लिहिलेलं पान जुन्या पानाबरोबर त्यांच्यापुढं ठेवलं. काका खिडकीपाशी उभे. अण्णांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली, खूप वेळ बघितली आणि मग खुर्चीत मागं रेलून हसायलाच लागले.

"अडतीस! हिंदुराव, अडतीस जनावरांसाठी मी कायदा करायला निघालो होतो की ओ. सभागृहात कुणी विचारलं असतं, तर माझा गवा केला असता लोकांनी."

"आता काय करायचं, अण्णा?"

"मांडायचं न्हाई. त्यापेक्षा भरपाई लवकर द्या म्हणून प्रश्न टाकू, त्याला ज्ञापन लागत न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, वेळेवर सांगितलंस. धाडस लागतं याला. हिंदुराव, हिच्या नेमणुकीचा कागद करा. आणि सोमवारचं ते पान मागं घ्या. पेपरात आलंय, वर गेलंय, नीट पत्र करा."

बघा! इथपर्यंतचं तुम्ही माझ्याकडनं दहा वेळा ऐकलंय. तेराशे सोळा गवे, त्र्याण्णव कुठनं आणायचे, माझा गवा केला असता. इथं मी नेहमी थांबते, आणि तुम्ही हसता, आणि मग मी म्हणते की पुढं मला तिथं कंटाळा आला म्हणून सोडली नोकरी. कंटाळा नव्हता आला.

संध्याकाळी काकांनी दोन कागद माझ्या टेबलावर ठेवले. एक माझी नेमणूक. पगार अठरा हजार, खाली अण्णांची सही झालेली. दुसरं पत्र, वरच्या ऑफिसाला. विषय माझ्याकडं होता म्हणून सही माझी. मी वाचलं. 'क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी पुरविलेल्या आकडेवारीतील दोषामुळे सदर ज्ञापनात गव्यांची संख्या १,३१६ अशी नमूद झाली.'

"काका, आकडेवारीत दोष नव्हता. बेरीज मी केली."

"अगं, भाषा असते ती."

"पण..."

"क्षेत्रीय कर्मचारी म्हंजे कोण? कुणीच न्हाई. नाव घातलंय काय कुणाचं? आता असं लिहू काय, की आमदारांच्या ऑफिसात बेरीज येत न्हाई? उद्या पेपरवाला तेच छापंल. ऑफिसकडनं चूक होत नसते पोरी, ऑफिसकडं चूक येत असते." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. उलट प्रेमानंच सांगत होते. "कर सही. डाकेची वेळ झालीय. आणि जाताना पेढे घेऊन जा आईला, माझ्याकडनं."

मी ते वाक्य परत एकदा वाचलं. खरंच कुणाचंच नाव नव्हतं. कालच्यापेक्षा आजचा आकडा खरा होता, विधेयक थांबलं होतं, गवे वाचले होते. एवढं सगळं बरोबर झाल्यावर एका वाक्यानं काय होतंय, असं वाटलं मला. मी सही केली. दोन्ही कागदांवर, एकाच पेननं. पेढे पण घेतले.

सतरा दिवसांनी, भर दुपारी, गार्डबाई जिना चढून आल्या. खाकी कपडे इस्त्री केलेले, हातात प्लॅस्टिकची पिशवी. काका जेवून पेपर वाचत होते. बाई माझ्या टेबलासमोर बसल्या, बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि पिशवीतनं एक लिफाफा काढून माझ्यापुढं ठेवला.

"मॅडम, जरा हे वाचा."

नोटीस होती. आपण गव्यांची संख्या फुगवून दाखवल्याचे निदर्शनास आले आहे, तरी आपली वेतनवाढ का रोखण्यात येऊ नये, सात दिवसांत खुलासा करावा. वर नाव होतं: श्रीमती इंदुमती डवरी, वनरक्षक. क्षेत्रीय कर्मचारी म्हणजे कुणीच नाही, ते आमच्या ऑफिसात. खाली उतरता उतरता त्या शब्दाला नाव मिळालं होतं. आणि नोटिशीला मागं जोडलेली होती माझ्या पत्राची प्रत. ते वाक्य. माझी सही. 'स. तोडकर', खाली एक रेघ, रेघेवर दोन टिंबं. कॉलेजात असताना वहीच्या मागं मी ती सही शंभरदा करून बसवली होती.

मला वाटलं आता त्या बोलतील. चार माणसांत माझी काढतील. काढायलाच पाहिजे होती खरं तर. पण त्या फक्त म्हणाल्या, "सात दिवसांतले तीन गेले. खुलासा लिवायचाय. तो तुम्हीच लिवून द्या."

"मी?"

"चूक कुठं झाली ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक हाय?"

काकांनी पेपर खाली घेतला. "बाई, तुम्ही असं करा," ते म्हणाले, "एक अर्ज द्या अण्णांच्या नावानं, मी फोन लावतो वर. मिटवून टाकू."

"मिटवायचं न्हाई मला, साहेब," गार्डबाई म्हणाल्या. "मी काय केलंय म्हणून मिटवायचं?"

"मग वनखात्याच्या कागदावर आमच्या ऑफिसनं लिहून द्यायचं, असं कुठं असतंय?" काका माझ्याकडं वळले. "पोरी, ऐक. तू त्या पत्रावर एक लिहिलंयस. आता त्याच्या उलटं लिहून दिलंस, तर अण्णांचं ऑफिस खोटं पडतंय. ते गेलं की तू गेलीस. सरळ हाय."

"पण काका, ते पत्र..."

"सरळ हाय म्हटलं ना."

गार्डबाई माझ्याकडं बघत नव्हत्या. आपल्या बुटांकडं बघत होत्या. दोन्ही बुटांना लाल माती, वाळलेली. मला आठवतंय, त्या वेळी मला आईची साडी आठवली, घेतलेली, पांढऱ्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेली, पाडव्याला द्यायची म्हणून. अठरा हजार आठवले. आणि खरं सांगते, पहिल्यांदा डोक्यात हेच आलं, की बाईंनी जरा रागानं बोलावं, म्हणजे मलाही रागावता येईल आणि नाही म्हणता येईल. पण त्या तशा बसूनच राहिल्या. दुकानात नंबर यायची वाट बघत बसतात ना, तशा.

मी कोरा कागद ओढला आणि लिहायला घेतलं. टाइप नाही केलं, हातानंच. 'मी, समिधा तोडकर, असे लिहून देते की वनरक्षक श्रीमती डवरी यांनी दिलेले दोनशे चौदा पंचनामे बरोबर आहेत. प्रत्येक पंचनाम्यात जनावरांच्या ओळखीच्या खुणा लिहिलेल्या आहेत. त्या न वाचता, नजरचुकीने मी सर्व आकड्यांची बेरीज केली.'

मी कागद त्यांच्यापुढं केला. त्यांनी ओठ हलवत वाचला, सगळा, आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे काढा. 'नजरचुकीने'."

"का?"

"नजर घातली असती तर चुकली असती, मॅडम."

मी तो शब्द खोडला. त्यांनी मान हलवली. मी पुढं लिहिलं, 'तसेच दिनांक अमुकच्या पत्रातील आकडेवारीतील दोष हे शब्द खरे नाहीत. ते खरे नाहीत हे सही करताना मला माहीत होते.' हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते लिहिताना माझा कान असा तापला होता, की काय सांगू.

काका उठले. "अण्णांना सांगतो," एवढंच म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. दार ओढून घेतलं.

"सही," गार्डबाई म्हणाल्या.

मी घाईघाईत नुसतं नाव गिरवायला लागले, तर त्यांनी टेबलावर हळूच बोट वाजवलं.

"अशी नको. त्या पत्रावर केलीय तशीच करा. रेघ, टिंबं, सगळं. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघतील ती माणसं."

मी तशीच केली. रेघ, रेघेवर दोन टिंबं.

ती नोटीस चार महिन्यांनी मागं घेतली गेली. ते मला नंतर कळलं, आणि तेही दुसऱ्याकडून. त्या दिवशी तसलं काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघी फक्त शाई वाळायची वाट बघत बसलो होतो. बाईंनी कागद अलगद पंख्याच्या वाऱ्याला धरला होता. आतनं अण्णांचा आवाज येत होता, अजून शांतच. मग तोही थांबला.

मी घड्याळाकडं बघून म्हटलं, "बाई, म्हाळुंगवाडीची तीन दहाची एस. टी. आहे ना? सुटेल."

"सुटू दे. पाचची हाय."

"मग आता कशाला थांबता? कागद तर झाला."

दार उघडलं. काकांनी डोकं बाहेर काढलं. ते मला पोरी म्हणाले नाहीत. "मिस तोडकर, आत या," म्हणाले.

मी उठले. गार्डबाईंनी कागद पिशवीत सरकवला, पिशवी मांडीवर घेतली, आणि खुर्चीत जरा नीट टेकून बसल्या.

"जावा," त्या म्हणाल्या. "मी बसलेय हितं."